ईएक्सटी४, एक्सएफएस की झेडएफएस? नव्या स्टोरेज सर्व्हरसाठी निवड करताना

नवा सर्व्हर आला, डिस्क बसवून झाल्या, लिनक्स टाकायला घेतलं की फाइल सिस्टिमचा, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवण्याच्या पद्धतीचा, प्रश्न येतो आणि आपण घाईत ‘नेक्स्ट’ दाबून पुढे जातो. सर्व्हरवरचं बाकी बरंच काही मागाहून बदलता येतं. फाइल सिस्टिम बदलायची तर सहसा सगळा डेटा दुसरीकडे उतरवून पुन्हा भरावा लागतो, आणि ४० टीबी डेटा उतरवायला जागा कोणाकडे असते? म्हणून इथे थोडं थांबा.

या तिघींपैकी ईएक्सटी४ २००८ च्या शेवटी लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, स्थिर म्हणून आली. डेबियन आणि उबुंटू आजही आपणहून तीच सुचवतात. साधी आहे, सगळ्यांच्या हातातली आहे, आणि अनमाउंट करून (वापरातून सोडवून) लहानही करता येते. एक्सएफएस मात्र वाढवता येते, लहान करण्याच्या भरवशावर राहू नका. त्यामुळे एलव्हीएमवर (डिस्कची जागा वाटून देणारी लिनक्समधली सोय) जागा वाटताना एक्सएफएसला सुरुवातीला हात राखूनच द्या.

ईएक्सटी४ चा खरा फटका लहान फायलींना बसतो. तिचे आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी एक नोंद) फॉरमॅट करतानाच मोजून ठरतात, सर्वसाधारणपणे दर १६ केबीमागे एक. एका मेल सर्व्हरवर मी हे भोगलंय. ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश येत होता आणि डिस्क अर्धी रिकामी दिसत होती. दीड तास लॉग चाळल्यावर आयनोड मोजून पाहिले, तर ते संपले होते. एक्सएफएस आयनोड लागतील तसे तयार करते, हा प्रश्न तिथे सहसा येत नाही.

एक्सएफएस मुळात सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीची. १९९४ मध्ये ती त्यांच्या आयरिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आली, म्हणजे अवजड फायलींच्या कामासाठीच घडलेली. ती डिस्कचे स्वतंत्र विभाग पाडते, त्यामुळे अनेक प्रोसेस एकाच वेळी लिहीत असल्या तरी एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. रेड हॅट कंपनीने २०१४ मध्ये आपल्या लिनक्सच्या आवृत्ती ७ पासून तीच मूळ निवड केली. आवृत्ती ८ मध्ये त्यांचं अधिकृत पाठबळ ईएक्सटी४ ला ५० टीबीपर्यंत आहे, एक्सएफएसला १ पीबीपर्यंत. डेटाबेस, व्हिडिओ, व्हर्च्युअल मशीनच्या इमेज यांच्यासाठी मी डोळे झाकून एक्सएफएस घेतो.

पण या दोघींतही एक उणीव आहे आणि मला ती फार मोठी वाटते. दोघी आपल्या नोंदींचा चेकसम (डेटा बदलला का ते ओळखायचा पडताळणीचा आकडा) ठेवतात, तुमच्या डेटाचा ठेवत नाहीत. एखादी डिस्क गुपचूप चुकीचे बिट देऊ लागली तर नेहमीच्या सॉफ्टवेअर मिररला (दोन डिस्कवर एकच डेटा ठेवणाऱ्या जोडीला) दोन प्रतींत फरक आहे एवढंच कळू शकतं, खरी प्रत कोणती ते नाही. बॅकअपही ती खराब फाइल इमानेइतबारे उचलून नेतो.

झेडएफएस नेमकी इथे वेगळी पडते. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अ‍ॅरन्स यांनी ती घडवली, २००५ मध्ये तिचा कोड खुला झाला. प्रत्येक ब्लॉकचा चेकसम त्याच्या वरच्या ब्लॉकमध्ये असतो. वाचताना तो जुळला नाही तर ती मिररमधून किंवा पॅरिटीवरून (हरवलेला डेटा पुन्हा काढायला ठेवलेल्या जादा माहितीवरून) खरा डेटा मिळवते आणि खराब प्रत दुरुस्त करते. महिन्यातून एकदा ‘स्क्रब’ चालवला की वर्षानुवर्षं कोणी न उघडलेल्या फायलीही तपासल्या जातात. स्नॅपशॉट, म्हणजे त्या वेळच्या डेटाची गोठवलेली स्थिती, क्षणात निघतात. सांबाशी (विंडोजला फायली वाटणाऱ्या सर्व्हर प्रोग्रामशी) ते जोडून दिले की विंडोजवर बसलेला माणूस राइट क्लिक करून कालची फाइल स्वतःच परत आणतो, आपल्याला फोन येत नाही. दुसऱ्या सर्व्हरवर फक्त बदललेले ब्लॉक पाठवता येतात, ही सोय तर एकदा वापरली की सुटत नाही.

त्याची किंमतही आहे. ती कॅशसाठी रॅम भरपूर घेते. तिला डिस्क थेट दिसाव्या लागतात, म्हणून अनेक डिस्क एकच करून दाखवणारं रेड (RAID) कार्ड मध्ये नको, डिस्क नुसत्या जोडून देणारं साधं एचबीए कार्ड लावा. एसएमआर डिस्क (ज्यांत डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवलेले असतात) घेऊ नका, खराब डिस्क बदलताना त्या फार रखडवतात. पूल, म्हणजे डिस्क एकत्र करून बनलेला साठा, ८० टक्क्यांच्या वर भरू देऊ नका. डीडुप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच साठवणं) बंदच ठेवा, कॉम्प्रेशन चालू ठेवा. परवान्याच्या भिन्नतेमुळे ती मूळ कर्नलमध्ये नाही, उबुंटू १६.०४ पासून सोबत देते, रेड हॅट देत नाही. तिथे कर्नल अपडेट झाल्यावर झेडएफएसचं मॉड्यूल जुळलं नाही तर पूल दिसणारच नाही, आणि त्या वेळी मदतीला सपोर्ट करार उपयोगी पडत नाही.

बीटीआरएफएस या आणखी एका फाइल सिस्टिममध्येही चेकसम आणि स्नॅपशॉट आहेत, पण तिचं पॅरिटीवालं रेड (RAID) ५ आणि ६ अजून भरवशाचं नाही आणि रेड हॅटने ती आवृत्ती ८ मध्ये काढून टाकली. रूट पार्टिशनसाठी (जिथे लिनक्स स्वतः राहतं) ठीक.

म्हणून माझं मत असं: लहान व्हर्च्युअल मशीनला ईएक्सटी४, करारावर चालणाऱ्या रेड हॅटच्या डेटाबेसला एक्सएफएस, आणि पुन्हा मिळणार नाहीत असे स्कॅन, नकाशे, फोटो जिथे साठतात तिथे झेडएफएस. मात्र स्क्रबचा अहवाल ज्याच्या इनबॉक्समध्ये येणार आणि जो तो खरंच वाचणार, असा माणूस आधी नक्की करा. डेटा भरण्यापूर्वी चालू पूलमधली एक डिस्क उपसून काढा, नवी लावा आणि दुरुस्तीला किती तास लागतात ते लिहून ठेवा.