सात रस्त्याजवळच्या स्किन क्लिनिकमध्ये बोटॉक्स (चेहऱ्यावरच्या आठ्या सैल करायचं इंजेक्शन) घेतलं, नंतर काय काय होतं ते सांगते

दुखतं का, हे सगळ्याजणी आधी विचारतात. मुंगी चावल्यागत होतं आणि दहा-पंधरा मिनिटांत मोकळं, त्यात सांगण्यासारखं लई काही नाही. खरी गंमत पुढच्या पंधरा दिवसांत आहे आणि मी या क्लिनिकला चांगले मार्क देतेय ते त्याच्यासाठीच, कारण डॉक्टर मॅडमनी सुई हातात घ्यायच्या आधीच सांगून टाकलं, आज आरशात बघून काही दिसणार नाही, उद्या फोन करून भांडू नका.

मी गेलते ते दोन भुवयांच्या मधल्या उभ्या आठ्यांसाठी. आपल्या सोलापूरचं मे महिन्याचं ऊन माहितीये ना, गाडीवर डोळे बारीक करून करून कपाळ कायमचं आवळलेलं, आणि दुकानात काउंटरवर बसते त्यामुळे गिऱ्हाईकाला वाटायचं बाई चिडलीय. त्या जागेला साधारण ५ ठिकाणी मिळून २० युनिट (म्हणजे या औषधाचं माप) देतात, बाटली माझ्यासमोर उघडली, हे मला आवडलं.

टोचलेल्या जागी बारीक टेंगळं येतात, ती थोड्या वेळात बसतात. मग नियम. ४ तास आडवं पडायचं नाही, तिथं चोळायचं नाही, त्या दिवशी जिम नाही, घट्ट हेल्मेट नाही (म्हणून गाडी नेऊच नका, रिक्षानं या), डोक्याला तेलमालिश, फेशियल, वाफ घेणं काही दिवस बंद. औषध शेजारच्या स्नायूत पसरू नये म्हणून हे सगळं. आता दुपारी जेवून आडवं पडायचं नाही ही सोलापूरकराला शिक्षाच की ओ, त्यामुळे अपॉइंटमेंट जेवणानंतरची घेऊ नका.

एखादा निळसर डाग पडू शकतो, आठवड्याभरात जातो, थोडं डोकंही दुखतं. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, आपल्या मनानं बंद करू नका.

परिणाम तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कळायला लागतो. नस स्नायूला आवळ म्हणून जो निरोप धाडते तोच हे औषध अडवतं, म्हणून तुम्ही आठी घालायला जाता आणि कपाळ ऐकतच नाही. सुरुवातीला जड जड वाटतं. आमची पोरगी म्हणाली, आई तू रागावलीस का नाही ते कळतच नाय आता, अभ्यासाचं काय ते तोंडानं सांग. पूर्ण रिझल्ट २ आठवड्यांनी, तोवर एक भुवई वर एक खाली वाटली तरी घाबरू नका, तेव्हा परत बोलावून बघतात आणि लागलं तर टचअप, म्हणजे थोडं अजून औषध, देतात. घरात लग्न असेल तर निदान महिनाभर आधी उरकून घ्या, आदल्या आठवड्यात जाऊन उपयोग नाही.

थोड्या जणांची पापणी खाली येते, काही आठवड्यांत आपोआप सुधारते पण डॉक्टरला दाखवायचंच. गिळायला, बोलायला, श्वास घ्यायला त्रास झाला तर मात्र क्लिनिकला फोन करत बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात जा, असं क्वचित होतं पण होऊ शकतं. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, स्नायूंच्या कमजोरीचा आजार असेल तर हे घ्यायचंच नाही.

खोल रुतलेल्या रेषा पूर्ण जात नाहीत, माझी एक राहिलीच, फिकट झाली एवढंच. ३ ते ४ महिन्यांत असर उतरतो आणि चेहरा पहिल्यासारखा होतो, पहिल्यापेक्षा वाईट होतो ही अफवा आहे.

आता नावं ठेवायची तर, वेळ देऊनही बसवून ठेवतात, गाडी लावायला जागा नाही, आणि काउंटरवरची मुलगी फिलरचं पॅकेज गळ्यात मारायला बघते. फिलर म्हणजे खड्डा भरायचं वेगळं औषध, त्याचा आठ्यांच्या या इंजेक्शनशी संबंध नाही, मॅडमनी स्वतःच सांगितलं तुम्हाला गरज नाही. युनिटचा रेट आधीच विचारून घ्या, रिझल्ट आवडला म्हणून पुढच्या वेळी जाईन पण पॅकेज घेणार नाही.