.४४ मॅग्नमची सेमी-ऑटोमॅटिक कार्बाइन: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

माझ्याकडे .४४ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर आधीपासून होतं. त्याच काडतुसाची एखादी हलकी रायफल असावी, म्हणजे दोन्हींना एकच दारूगोळा चालेल, हा विचार बरीच वर्षं मनात होता. लिव्हर अ‍ॅक्शनऐवजी (जिथे ट्रिगरजवळची दांडी हाताने ओढून पुढचं काडतूस भरतात) मी रुगरची ९९/४४ डीअरफील्ड ही सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे प्रत्येक बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी, कार्बाइन (आखूड, हलकी रायफल) घेतली, तीही वापरलेली, कारण २००० साली आलेल्या या कार्बाइनचं उत्पादन केव्हाच थांबलं आहे. आता ती हाताला पूर्ण बसली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मुळात अडचण असते ती रिमची, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बाहेर आलेल्या कडेची. रिव्हॉल्व्हरला रिम सहसा हवी असते. सिलिंडरमध्ये काडतूस तिच्यावर टेकून राहतं आणि रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलायलाही तीच उपयोगी पडते. पण हीच काडतुसं मॅगझिनमध्ये एकावर एक रचली आणि वरच्याची रिम खालच्याच्या रिममागे गेली, की बोल्टने (काडतूस नळीत ढकलणाऱ्या सरकत्या भागाने) पुढे ढकलताना दोन्ही एकमेकांत अडकतात. यालाच ‘रिम लॉक’ म्हणतात. आपल्या इशापूरच्या कारखान्यात बनलेल्या .३०३ रायफली ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना काडतुसं क्लिपमध्ये नीट क्रमाने लावण्याची शिस्त आठवत असेल. ब्रेन या .३०३ च्याच मशीनगनचं मॅगझिन वक्र आहे तेही याच रिममुळे. स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल ५२ या नेमबाजीच्या पिस्तुलात .३८ स्पेशल चालतं, पण पुंगळीच्या तोंडाशी सपाट बसवलेल्या गोळीचंच, आणि मॅगझिनमध्ये मावतात फक्त ५.

डीअरफील्डमध्ये यावर काढलेला तोडगा मला मनापासून आवडतो: फिरतं मॅगझिन. आत एक चक्र असतं आणि प्रत्येक काडतूस त्याच्या स्वतंत्र खाचेत बसतं. रिमला रिम लागतच नाही, मग अडकणार कुठून? याच कंपनीच्या १०/२२ मध्ये १९६४ पासून .२२ च्या रिमवाल्या काडतुसांसाठी हीच युक्ती आहे आणि ती किती भरवशाची आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. इतक्या महिन्यांत माझ्याकडे एकदाही रिम लॉक झालेलं नाही. त्याबदल्यात मॅगझिनमध्ये मावतात फक्त ४ काडतुसं. शिकारीला तेवढी पुरतात. रेंजवर मात्र सारखं भरत बसावं लागतं.

खरा प्रश्न दारूगोळ्याचा आहे आणि खरेदीपूर्वी यावरच सर्वांत जास्त विचार करावा. ही कार्बाइन नळीतल्या गॅसवर चालते. बोल्ट मागे जायला ठरावीक दाब लागतो. २४० ग्रेन (सुमारे साडेपंधरा ग्रॅम) वजनाच्या, तांब्याचं आवरण असलेल्या गोळीची, पूर्ण ताकदीची काडतुसं ती न कुरकुरता चालवते. सौम्य भरणीची (कमी जोराची) काडतुसं दिली की बोल्ट अर्धवट मागे येतो आणि रिकामी पुंगळी बाहेर न पडता आतच अडकते. उघड्या शिशाच्या गोळ्या तर पूर्ण वर्ज्य, कारण शिशाचे कण गॅसच्या छिद्रात साचतात. .४४ स्पेशल हे .४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चालणारं सौम्य काडतूसही यात नको: पुंगळी आखूड आणि दाब कमी. थोडक्यात, रिव्हॉल्व्हरच्या सरावासाठी मी जी स्वस्त, मऊ काडतुसं वापरतो, त्यातलं एकही इथे चालत नाही. लिव्हर अ‍ॅक्शनला यातलं बरंच काही चालतं, कारण तिथे बोल्ट हाताने ओढायचा असतो. ‘दोन हत्यारं, एक काडतूस’ हे सेमी-ऑटोमध्ये फक्त तगड्या भरणीपुरतं खरं आहे.

त्या तगड्या भरणीचं मात्र इथे सोनं होतं. रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला ३६० मीटरच्या आसपास जाणारी गोळी कार्बाइनच्या १८.५ इंची नळीतून ५०० मीटरच्या पुढे जाते. वजन तीन किलोहूनही कमी असूनही खांद्याला बसणारा धक्का सुसह्य वाटतो, कारण गॅस यंत्रणा तो थोडा लांबवते. गोळी बोथट असल्याने शंभर मीटरनंतर ती झपाट्याने खाली येते. त्यापलीकडचा नेम धरायचा असेल तर हे काडतूसच योग्य नाही.

साफसफाईला वेळ द्यावा लागतो. गॅसचा भाग काजळीने लवकर भरतो आणि मी प्रत्येक सत्रानंतर तो उघडतो. पुंगळ्या चांगल्या लांब उडतात, त्यामुळे त्या गोळा करून पुन्हा भरणाऱ्यांना शोधाशोध करावी लागेल. पुन्हा भरताना काडतुसाची एकूण लांबी १.६१ इंचांच्या आत ठेवावी आणि गोळीभोवती क्रिंप (पुंगळीच्या तोंडाची आत दाबलेली कड) घट्ट असावा.

दुसऱ्या काडतुसाची रायफल रिमवाल्या काडतुसासाठी बदलून घ्यावी का, असं मला दोन-तीन जणांनी विचारलं. माझं मत स्पष्ट ‘नाही’ असं आहे. बोल्टचा काडतुसाला टेकणारा पृष्ठभाग, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारा आकडा), चेंबर (नळीतला काडतूस बसण्याचा भाग), मॅगझिन, गॅसचा दाब, स्प्रिंगची ताकद हे सगळं एकमेकांवर अवलंबून असतं आणि चेंबरमधला दाब चूक माफ करत नाही. पहिल्यापासून त्याच काडतुसासाठी आखलेली रायफल घ्यावी. स्वस्त, मऊ काडतुसांचा सराव जास्त असेल तर लिव्हर अ‍ॅक्शन, आणि पूर्ण ताकदीचे चार बार झटपट हवे असतील तर ही. जुनी घेताना जादा मॅगझिन सोबत मिळतंय का ते आधी विचारा, कारण नंतर ते शोधणं कठीण जातं.