होमस्कूलिंग आणि बीजगणित: कोणती ऑनलाइन मदत घ्यावी?

घरी शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांमध्ये फिरणारा हा नेहमीचा प्रश्न. मुलगी चौदा-पंधराची आहे, वाचते भरपूर, हाताने काहीबाही करत असते, पण बीजगणित काढलं की तोंड पाडून बसते. ऑनलाइन कोण चांगलं शिकवतं? मग दहा जण दहा नावं सुचवतात. त्यातलं एकही नाव चुकीचं नसतं, तरी निर्णय काही होत नाही. माझ्या मुलीसाठी आम्ही यातलं बरंच काही वापरून पाहिलं. आता कोणी विचारलं की मी एकच गोष्ट तपासायला सांगते: मुलाने वहीत काय लिहिलंय, ते या मदतीला दिसतं का?

हे एवढं महत्त्वाचं का, ते एका उदाहरणात बघा. −३(क्ष − ४) = २क्ष + ७. मुलगी कंस सोडवते आणि लिहिते −३क्ष − १२ = २क्ष + ७. पुढचं सगळं बिनचूक करून तिचं उत्तर येतं −१९/५. खरं उत्तर १. ती चुकली फक्त एका चिन्हात, −३ गुणिले −४ हे +१२ होतं तिथे. व्हिडिओ लावला तर बारा मिनिटं समीकरण म्हणजे काय हे पहिल्यापासून ऐकावं लागेल, आणि समीकरण तर तिला येतंच. सरावाचं ॲप सांगेल 'चूक'. उत्तर देणारं ॲप बरोबर पायऱ्या दाखवेल, ती त्या उतरवून घेईल. तिचं बोट धरून त्या एका उणे चिन्हापाशी नेऊन सोडणारी मदत यातली एकही नाही.

दुसरी चूक याहून जास्त दिसते. ३क्ष = १२, म्हणून क्ष = १२ − ३ = ९. 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हे पाठ झालेलं असतं, पण दोन्ही बाजूंना तेच करायचं असतं हे कोणी दाखवलेलंच नसतं. अशा मुलाला आणखी पन्नास गणितं दिली तर चूक फक्त पक्की होते.

म्हणून पैसे भरण्याआधी घरीच अर्धा तास काढा. कोऱ्या कागदावर एवढंच द्या: ८ + ४ = □ + ५; −७ − (−३); ३/४ − ५/६; −२(क्ष − ५) सोडव; क्ष/३ + क्ष/२ = १०. शेवटी वयवारीचं एखादं शाब्दिक उदाहरण. मदत करायची नाही, घड्याळ लावायचं नाही, खोडरबर द्यायचा नाही. पहिल्या चौकटीत ७ ऐवजी १२ लिहिलं तर बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' असंच मूल समजतंय, आणि मग बीजगणित कसं उमगणार? तिसऱ्यात अडलं तर दुखणं अपूर्णांकांचं आहे, सहावी-सातवीचं. पाचवं सुटलं, क्ष १२ आला, पण शाब्दिक उदाहरणात हात थांबला, तर तंत्र ठीक आहे, मांडणी जमत नाही. या तिघांना मदत वेगवेगळी लागते. घरी शिकण्याचा एक मोठा फायदा इथेच: पंधराव्या वर्षी सातवीचं प्रकरण उघडलं म्हणून हसायला वर्गात कोणी नसतं.

परीक्षा कोणती, हेही आधी ठरलेलं बरं. शाळेत न जाता खासगीरीत्या बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावी द्यायची तर गणित भाग १ मध्ये एकसामयिक समीकरणं आणि वर्गसमीकरणांबरोबर 'अर्थनियोजन' आहे, त्यात जीएसटी आणि शेअर्स. सीबीएसईची मुलं घेणाऱ्या शिक्षकाला हे प्रकरण ठाऊक असेलच असं नाही. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय; त्याच्या २११ क्रमांकाच्या गणितात बीजगणिताबरोबर व्यापारी गणिताचा स्वतंत्र भाग आहे. मराठी माध्यम घेता येतं, आणि एकेक विषयाची मागणीनुसार परीक्षाही देता येते. केम्ब्रिजच्या आयजीसीएसई या दहावीच्या पातळीच्या परीक्षेतल्या ०५८० क्रमांकाच्या गणितात २०२५पासून एक पेपर कॅल्क्युलेटरविना आहे, म्हणजे अपूर्णांक कॅल्क्युलेटरवर ढकलून चालणार नाही. एनआयओएसच्या दहावीला गणित सक्तीचं नाही, त्यामुळे 'सोडूनच देऊ या' ही वाटही मोकळी असते. काही मुलांसाठी ती योग्य आहे. पण पुढे विज्ञान किंवा पॉलिटेक्निक मनात असेल तर प्रवेशाच्या अटी आधी वाचा.

फुकट मिळणाऱ्या गोष्टींत खान अकॅडमी पहिली घ्यावी. ती ना-नफा संस्था आहे, जाहिराती नाहीत. भारतातल्या इयत्तांप्रमाणे लावलेले गणिताचे अभ्यासक्रम आहेत, आणि मागचं कच्चं राहिलेलं भरून काढायला वेगळे पूर्वतयारीचे संचही. पालकाचं खातं काढून मूल जोडलं की कोणत्या कौशल्यावर किती वेळ गेला, कुठे अडलं, हे आपल्याला दिसतं. मात्र मुलाने टाकलेलं शेवटचं उत्तर तेवढं यंत्र तपासतं, मधल्या ओळी त्याला दिसत नाहीत. वरच्या चिन्हाच्या चुकीला ते लाल खूण करील आणि इशारा देऊ करील. इशारा घेतला की ते गणित चुकलं असं धरलं जातं, म्हणून हुशार मुलं इशारा न बघता अंदाजाने उत्तरं टाकत बसतात. यावर आमच्याकडे चाललेला उपाय साधा आहे: वहीत पायऱ्या लिहिल्याशिवाय स्क्रीनवर उत्तर टाकायचं नाही, आणि संध्याकाळी आई-बाबांपैकी कोणीतरी फक्त चुकलेल्या गणितांची पानं बघायची. आपल्याला बीजगणित येत नसलं तरी चालतं. ओळीशेजारी ओळ ठेवून 'हे इथून इथे कसं आलं?' एवढं विचारता आलं तरी पुष्कळ.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, त्यातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा या सरकारी ॲपवरचा आशय उघडतो. यूट्यूबवर तर प्रत्येक सरावसंच आणि संकीर्ण प्रश्नसंग्रह मराठीत सोडवून दाखवणारे शिक्षक आहेत, त्यातले काही खरोखर उत्तम. मराठी माध्यमातून परीक्षा देणाऱ्याला उत्तर कसं मांडायचं, कोणत्या पायरीला गुण असतात, हे तिथे चांगलं कळतं. समजलेलं पुन्हा बघायला, परीक्षेआधी उजळणीला, जरूर वापरा. पण अडलेल्या मुलाला फक्त व्हिडिओवर सोडणं म्हणजे काठावर बसवून पोहणं दाखवणं. बघताना सगळं कळतं, वही उघडली की पहिल्याच ओळीला अडतं.

आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग या गणित शिकवणाऱ्या अमेरिकी संस्थेचं नाव तिथल्या मराठी मंडळींकडून हमखास ऐकू येतं. त्यांचं अल्क्युमस हे सरावाचं साधन मोफत आहे आणि मुलाच्या पातळीप्रमाणे गणितं बदलतं. संस्था चांगलीच आहे, पण ती गणिताची भूक असलेल्या मुलांसाठी. थेट वर्ग लेखी गप्पांसारखे चालतात, शिक्षकाचा आवाज नसतो. शिवाय अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी साडेसातला वर्ग असेल तर आपल्याकडे पहाटेचे पाच वाजतात, हिवाळ्यात सहा. बीजगणिताला घाबरलेल्या मुलाला इथे घालू नका.

कॅमेऱ्याने गणित टिपून उत्तर देणारी फोटोमॅथसारखी ॲप्स ताळा करायला ठीक. मूल एकटं असताना ती फोनमध्ये नसलेलीच बरी.

चॅटजीपीटी आणि जेमिनी या एआय चॅटबॉटांचं प्रकरण मात्र वेगळं आहे, कारण वहीच्या पानाचा फोटो त्यांना दाखवता येतो. २०२५मध्ये दोघांनीही थेट उत्तर न देता प्रश्न विचारत नेणाऱ्या सोयी आणल्या: चॅटजीपीटीत स्टडी मोड, जेमिनीत गाइडेड लर्निंग. 'उत्तर सांगू नकोस, माझी पहिली चुकलेली ओळ शोध' असं सांगितलं की बरेचदा नेमकी तीच ओळ सापडते, तेही रात्री साडेदहाला. एवढं दुसऱ्या कुठल्याही स्वस्त साधनाला जमत नाही. पण धोकेही तिथेच आहेत. घाईत काढलेलं उणे चिन्ह फोटोत वाचलं जात नाही, आणि मग बरोबर ओळीलाही चॅटबॉट चूक ठरवतो. स्वतःच्या आकडेमोडीत चुकला तरी सांगतो ठामपणे, आणि कच्च्या मुलाला ती चूक पकडता येत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे मूल 'हो, कळलं' म्हणालं की तो शाबासकी देऊन पुढे सरकतो. समोरचा माणूस चेहरा बघून ओळखतो की कळलेलं नाही. चॅटजीपीटी वापरायला किमान वय तेरा आहे आणि अठरापर्यंत पालकांची परवानगी लागते. वापरायचंच तर जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

मोठ्या कंपन्यांच्या थेट बॅचेस मी या कामासाठी सुचवत नाही. त्या शाळेच्या वेळापत्रकाबरोबर धावतात, मागे राहिलेल्याला सातवीच्या अपूर्णांकांकडे कोण नेणार? शेकडो मुलांच्या वर्गात वही दिसायचा प्रश्नच नाही. विक्रीचे फोन मात्र चिकाटीचे असतात. जुलै २०२४मध्ये बायजूजच्या कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. दोन वर्षांची फी एकरकमी किंवा कर्जाच्या हप्त्यांवर भरायला कोणी सांगू लागलं की ते आठवावं. महिन्याच्या महिन्याला पैसे घेत नसतील तर नको म्हणा.

राहिला एकास एक शिकवणारा शिक्षक. खर्चाचा मार्ग हाच, तासाला तीनशे-चारशेपासून हजाराच्या पुढेपर्यंत दर ऐकले आहेत, आणि अडलेल्या मुलासाठी माझं मत यालाच. पण ऑनलाइन एकास एक म्हटलं की वही दिसतेच असं नाही. बहुतेक तासांना शिक्षकाला मुलाचा चेहरा आणि मागचं पुस्तकांचं कपाट दिसतं. शिक्षक स्क्रीनवरच्या फळ्यावर लिहितो, मूल 'हं, हं' करतं. म्हणून तासाला दोन साधनं जोडा: लॅपटॉपवर बोलणं, आणि त्याच गुगल मीटमध्ये जुना फोन आवाज बंद करून, मागचा कॅमेरा वहीवर येईल असा पुस्तकांच्या दोन गठ्ठ्यांवर आडवा ठेवलेला. पट्टीला रबरबँडने बांधला तरी पुरतो. मग पेन कुठे थांबलं, काय खोडलं, हे शिक्षकाला त्याच क्षणी दिसतं.

चाचणीचा तास घेताना फळा शिक्षकाच्या ताब्यात देऊच नका. घरी सोडवलेला तो कागद आधी पाठवा आणि तासात मुलाने एक गणित अथपासून इतिपर्यंत करायचं, शिक्षकाने बघायचं, असं ठरवा. चूक झाल्याबरोबर 'नाही नाही, इथे अधिक येणार' म्हणणारे शिक्षक पुष्कळ मिळतील. मूल ओळ पूर्ण करेपर्यंत थांबून 'आलेलं उत्तर मूळ समीकरणात घालून बघ बरं' म्हणणारा मिळाला तर त्याला सोडू नका. −१९/५ घातलं की डावी बाजू येते ११७/५ आणि उजवी −३/५. चूक मुलालाच दिसते, कोणी सांगावी लागत नाही. पदवी, अनुभवाची वर्षं, शंभर टक्के निकाल, हे सगळं मी याच्यानंतर विचारते.

शिक्षक मिळण्याच्या बाबतीत होमस्कूलिंगवाल्यांची एक सोय आहे. क्लास घेणाऱ्यांकडे दुपारी तीननंतर गर्दी असते, सकाळी दहा ते एक ते मोकळे असतात. ती वेळ मागितली तर चांगला, एरवी जागा नसलेला शिक्षकही मिळतो, कधी फीही कमी होते. निवृत्त शिक्षक याच वेळेला तयार असतात. त्यांना तंत्राची धास्ती असते, तेव्हा पहिल्या दिवशी मीट जोडून द्यायला घरचं कोणी बसलं तर काम सोपं होतं. परदेशातल्या मराठी घरांनाही इथला शिक्षक जमतो, फक्त वेळ आणखी लवकरची हवी: पुण्यातले सकाळचे सहा म्हणजे न्यूयॉर्कची आदली रात्र, भाषा घरचीच.

खर्च झेपत नसेल तर आठवड्यातून एकच तास शिक्षकाकडे ठेवा आणि त्या तासाला फक्त आठवड्याभरातली चुकलेली पानं न्या. सराव खानवर, उजळणी यूट्यूबवर. तीन-चार घरी शिकणाऱ्या मुलांनी मिळून शिक्षक घेणं स्वस्त पडतं आणि मुलांना सोबत मिळते, पण चौघांच्या वह्या एकाच अडचणीपाशी असतील तरच. कंस सोडवायला अडणारी आणि शाब्दिक उदाहरणाला अडणारी मुलं एकत्र बसवली की दोघंही कंटाळतात.

शाब्दिक उदाहरणांवरच गाडं अडलेल्या मुलाला खरं तर महाग शिक्षकाची गरज नसते. त्याच्याशी बोलायला कोणीतरी हवं असतं. वाक्य मोठ्याने वाचायचं, काय माहीत नाही त्याला क्ष म्हणायचं, बाकी सगळं क्षच्या भाषेत सांगायचं. हे आजोबाही व्हिडिओ कॉलवर करू शकतात. दोन चलांची समीकरणं आली की आलेख काढून दाखवणारी डेस्मॉस किंवा जिओजिब्रा ही साधनं मोफत आहेत. दोन रेषा जिथे छेदतात तिथेच उत्तर असतं हे मुलाने स्वतः आकडे बदलून पाहिलं की एकसामयिक समीकरणांची भीती बरीच उतरते.

परीक्षा दोन-तीन महिन्यांवर असेल आणि अपूर्णांकच कच्चे असतील, तर कुठलाही शिक्षक चमत्कार करणार नाही. एनआयओएस असेल तर गणित पुढच्या सत्रात ढकला. नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ संधी मिळतात. राज्य मंडळाचा फॉर्म आधीच भरलेला असेल तर नवीन काही न उघडता पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं झाकून पुन्हा करायला लावा, संभाव्यता आणि सांख्यिकी आधी घ्या, आणि वर्गसमीकरणांच्या मागे शेवटी लागा.