मोडीच्या वेबसाइटसाठी ऑनलाइन गट: दोन वर्षांचा अनुभव

साताऱ्यातून मी मोडी लिपी शिकवणारी एक छोटी वेबसाइट चालवते. अक्षरओळख, सरावाची पानं, जुन्या दस्तांचे नमुने, एवढाच तिचा पसारा. मोडी शिकायची ओढ असलेली माणसं सगळीकडे विखुरलेली, गावात एखादं, शहरात चार-पाच. त्यांच्यापर्यंत पोचायला मी दोन वर्षं फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवरचे गट वापरतेय.

आधी पैसे कुठे वाया गेले ते सांगते. प्रचाराची कामं घेणाऱ्या एकांनी ‘दोनशे गटांत लिंक टाकून देतो’ म्हणून पैसे घेतले. लिंक पडली ती फ्लॅट विक्रीच्या, नोकरीच्या आणि पाककृतींच्या गटांत. एका इतिहासप्रेमी गटात एकाच दिवशी तीनदा पडली, आणि ॲडमिननी मला काढून टाकलं. त्यांचं काहीच चुकलं नाही. मी माफी मागितली, तेव्हा परत घेतलं. लिंक वाढल्या की गूगलवर नाव वर येतं, असंही मला पटवलं होतं. पण चर्चेतल्या लिंकना बहुतेक ठिकाणी ‘नोफॉलो’ची खूण (म्हणजे ही लिंक क्रमवारीसाठी धरू नका, असा गूगलला इशारा) असते आणि ही पद्धत २००५ पासूनची आहे. हे मी आधी वाचायला हवं होतं.

खरं काम झालं ते फेसबुकच्या गटांत, आणि तेही लिंक न टाकता. त्याच इतिहासप्रेमी गटात एका गृहस्थांनी पणजोबांच्या खरेदीखताचा फोटो टाकला होता. कागद घडीवर फाटलेला, शाई तपकिरी. मोडीत आधी शिरोरेषा ओढतात आणि मग हात न उचलता अक्षरं लिहीत जातात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत. त्यामुळे शब्द कुठे तोडायचा ते वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं. मी रात्री बसून चतुःसीमेचा भाग देवनागरीत उतरवून दिला: पूर्वेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट. कुठला शब्द कसा तोडला तेही खाली लिहिलं. गृहस्थ म्हणाले, ‘ताई, तो ओढा अजून आहे.’ मग लोकांनीच विचारलं, हे शिकायचं कुठे? तेव्हा ॲडमिनना विचारून लिंक दिली. त्या आठवड्यात साइटवर जेवढी माणसं आली, तेवढी त्या दोनशे गटांमधून मिळून आली नव्हती. आलेली माणसं पहिला धडा पुरा करूनच गेली, याचं मला जास्त समाधान.

एक विनंती मात्र करते. जमिनीचे कागद उघड्या गटात टाकताना गट नंबर आणि हयात माणसांची नावं झाका. मी प्रत्येकाला आधी हेच सांगते.

व्हॉट्सअ‍ॅप प्रचाराला उपयोगी नाही. गटात १०२४ माणसं मावतात, पण सकाळी लिहिलेलं संध्याकाळपर्यंत शुभेच्छांखाली गाडलं जातं, आणि गूगलला तर ते दिसतच नाही. शिकायला आलेल्यांना रोज एक ओळ देऊन वहीचा फोटो तपासायला मात्र याच्यासारखं दुसरं काही नाही. तिथून आलेली माणसं साइटच्या आकडेवारीत बऱ्याचदा ‘डायरेक्ट’, म्हणजे थेट आलेली, म्हणून दिसतात. म्हणून प्रत्येक गटासाठी यूटीएम (लिंकच्या शेवटी जोडायची, कुठून आलं ते सांगणारी खूण) लावलेली वेगळी लिंक करा, नाहीतर माणसं कुठून आली ते कळायचंच नाही. टेलिग्रामवर मोठ्या पीडीएफ ठेवायची सोय चांगली, पण मोडीवाली माणसं तिथे मला फार भेटली नाहीत.

माझ्यासारखी एकाच विषयाची साइट असेल, तर फेसबुकचे दोन-तीन गट पुरेत. पहिला महिना फक्त वाचा, उत्तरं द्या, नियम बघा. आठवड्याचे तीन-चार तास द्यावे लागतात आणि ते काम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही. विषय आपला असेल तर ते जड जात नाही. शिवाय उत्तर गटात राहतं, शोधलं की सापडतं. त्या खरेदीखताच्या पोस्टखाली गेल्या आठवड्यात नाशिकच्या एका बाईंनी घरातल्या सनदेचा फोटो टाकलाय. पहिल्या दोन ओळी लागल्या आहेत, तिसरीत एक शब्द अडलाय. आज रात्री पुन्हा बसते.