तलावाकाठच्या सोसायटीचा रिडेव्हलपमेंट प्लान, कन्सल्टंटला 5 पैकी 3 स्टार

फर्मचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, काम अजून चालू आहे आणि आम्हाला भांडण नको. पण नागपुरात सध्या जिकडे तिकडे रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा चालू आहेत, त्यात ज्यांची बिल्डिंग तलावाला नाहीतर नाल्याला लागून आहे त्यांच्यासाठी लिहून राहिलो.

आमची 48 फ्लॅटची जुनी सोसायटी, ग्राउंड प्लस टू, प्लॉट साधारण 6,000 चौरस मीटर. मागे तलावाचा कोपरा, तिथूनच ओव्हरफ्लोचा नाला निघतो, बाजूला कॉर्पोरेशनचं मैदान.

पहिलं प्रेझेंटेशन एसी हॉलमध्ये, सोबत समोसे. तासाभरात 'लेक व्ह्यू' हा शब्द किती वेळा आला मोजणं सोडून दिलं. दोन टॉवर, खाली बेसमेंट पार्किंग, आणि ओपन स्पेस म्हणाल तर यूडीसीपीआरनुसार (राज्याची बांधकाम नियमावली) 4,000 चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटला 10 टक्के सोडावीच लागते म्हणून बरोब्बर 600 सोडलेली, पण कशी तर एक तुकडा ट्रान्सफॉर्मरच्या मागे, एक तिकोना गेटजवळ आणि उरलेली नाल्याच्या काठाने लांबलचक पट्टी. कागदावर हिशेब पूर्ण, पोट्ट्यांना बॅडमिंटनची नेट बांधायला जागा नाही. वरून मैदानाकडचं मागचं गेट बंद करून तिथे भिंत, सिक्युरिटीसाठी म्हणे. त्या गेटातून आमची पोरं मैदानात जातात आणि मागच्या वस्तीतली पोरं शाळेत जातात, हे त्यांच्यापैकी कोणी पाहिलंच नव्हतं.

ग्राउंड फ्लोअरच्या काकू शांतपणे म्हणाल्या, "बेसमेंट कुठं करून राहिले भाऊ, तिथंच तर माझी स्कूटी बुडाली होती." 23 सप्टेंबर 2023 ची गोष्ट. त्या रात्री चारेक तासात 100 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठच्या वस्त्यांची काय हालत झाली ते सगळ्या शहराने पाहिलं, आमच्याकडे अंबाझरी नाही पण आमचा नाला फुगला. फर्मचे मोठे साहेब म्हणाले पंप बसवू. काकू म्हणाल्या, "आणि लाईट गेल्यावर पंप कशावर चालवाल?" हॉलमध्ये हशा. साहेब पुढच्या स्लाईडवर.

तेव्हाच यांना घरी पाठवायचं असं आमच्यातल्या अर्ध्या लोकांनी ठरवलं होतं, पण नंतर ऑगस्टमध्ये त्यांच्या ऑफिसमधल्या एक ज्युनियर आर्किटेक्ट मॅडम भर पावसात रेनकोट घालून एकट्याच आल्या. मीटरबॉक्सवर चिखलाची रेघ अजून आहे, दोनदा रंग दिला तरी खालून दिसते. त्यांनी टेप लावला, 74 सेंटीमीटर. मग वॉचमनला घेऊन नाल्याने पुलियापर्यंत चालत गेल्या आणि परत येऊन सांगितलं की तुमच्याकडे पाणी तलावातून येतच नाही, पुलियाच्या पाइपात जलकुंभी (जलपर्णी) आणि पन्न्या अडकतात, नाला तुंबतो आणि पाणी उलटं फिरून तुमच्या खोलगट कोपऱ्यात शिरतं. वीस वर्षं राहून हे आम्हाला माहीत नव्हतं. दोन स्टार फक्त या एका दुपारचे.

दुसरा प्लान मग वेगळाच आला. बेसमेंट कट, स्टिल्ट पार्किंग, म्हणजे बिल्डिंग खांबांवर आणि खाली जमिनीवरच गाड्या (आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यात पाण्याशेजारी बेसमेंट म्हणजे जन्मभराची गळती). मीटररूम वर घेतली. ओपन स्पेस एकसंध, आणि ती त्या खोलगट कोपऱ्यातच, रस्त्यापेक्षा अर्धा मीटर खाली, पेव्हर ब्लॉक नाही, मुरूम आणि गवत, म्हणजे मोठा पाऊस आला तर पाच-सहा तास पाणी तिथे थांबेल आणि हळूहळू जिरेल, इतर दिवस पोरं खेळतील. मी म्हटलं त्यापेक्षा सगळा प्लॉटच मीटरभर भरून घ्या ना. मॅडम म्हणाल्या, "घेता येईल काका, मग तुमचं पाणी मागच्या वस्तीत जाईल." मी गप्प बसलो. मैदानाचं गेट राहिलं, आणि काठावरचं पानकणीसही, ज्यात जांभळ्या पाणकोंबड्या फिरतात, पहिल्या प्लानमध्ये तिथे लाइटवाला जॉगिंग ट्रॅक होता. घरी दोन-दोन गाड्या असलेले लोक पार्किंगवरून अजून नाराज आहेत, असोत.

आता स्टार का कापले. 15 दिवसांत देतो म्हटलेला रिपोर्ट अडीच महिन्यांनी आला, तोही 60 पानी इंग्रजी, निम्म्या सोसायटीत सिनियर सिटिझन, वाचणार कोण?

दुसरं, वेटलँडचं, म्हणजे तलाव कायद्याने पाणथळ जागा ठरतो का त्याचं. साहेब म्हणे तलाव मानवनिर्मित आहे, टेन्शन नका घेऊ. वेटलँड धरला तर पूरपातळीच्या सरासरी रेषेपासून 50 मीटरमध्ये पक्कं बांधकाम चालत नाही, म्हणून हा प्रश्न आमच्यासाठी छोटा नाही. केंद्राच्या 2017 च्या वेटलँड नियमांत पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, करमणुकीसाठी बांधलेले तलाव वगळलेत हे खरं, नागपूरच्याच फुटाळा तलावाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2025 मध्ये फुटाळा त्या व्याख्येत बसत नाही असंच म्हटलं. पण त्याच निकालात मानवनिर्मित तलावांनाही पब्लिक ट्रस्टचं तत्त्व लागतं असंही आहे, म्हणजे तलाव सगळ्यांचा, ते साहेबांनी गाळलं. आमचा तलाव नेमका कशात बसतो ते लेखी द्या म्हणून दोन मेल टाकले, अजून उत्तर नाही. टेंडर काढायच्या आधी तो कागद हवाच.

तुम्ही कोणालाही नेमा, साइट व्हिजिट पावसाळ्यात करायची हे अपॉइंटमेंट लेटरमध्येच टाका. एप्रिलमध्ये सगळ्यांचे प्लॉट कोरडेच असतात.

रविवारी पुन्हा मीटिंग आहे. रेंडरमध्ये (कॉम्प्युटरवरच्या चित्रात) अजून निळंशार पाणी आणि काठाला नारळ दाखवलेत, ते बदलून आणा म्हटलंय. आमच्या काठाला बेशरमाची झुडपं आहेत आणि तलाव हिरवा आहे.