पहाटे बेसबॉल, रात्री नाटक: एका वर्गणीचा अनुभव

जळगावात राहून अमेरिकेतील बेसबॉलचे बाद फेरीचे सामने पाहायचे म्हणजे पहाटे साडेपाचच्या आत उठणे आले, आणि आदल्या रात्री नाटकाचा प्रयोग उशिरा सुटलेला असेल तर झोपेचा हिशेब सोडूनच द्यावा लागतो. त्यासाठी घेतलेल्या थेट प्रक्षेपणाच्या सेवेची वर्गणी मला जड वाटली नाही. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमधील, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेतील, तिसरा सामना १८ डावांपर्यंत लांबला, आपल्याकडे दुपार झाली, ताटातली कळण्याची भाकरी निवून गेली, तरी चित्र स्वच्छ होते. मात्र फ्रेडी फ्रीमनच्या विजयी फटक्याच्या ऐन क्षणी पडद्यावर नुसते चक्र फिरत राहिले आणि त्याचा डॉजर्स संघ ६-५ ने जिंकल्याचे मला धावफलकावरून कळले. तक्रारीला दोन दिवसांनी ठरावीक साच्यातले उत्तर आले. सामना नंतर पाहता येतो, पण निकाल शीर्षकातच छापलेला असतो, हे तर नाटकाच्या तिकिटावर शेवट लिहिण्यासारखे झाले. नाट्यगृहात तिसऱ्या घंटेनंतर नट वाक्य विसरला तरी ते सावरणे निदान आपल्या डोळ्यांदेखत घडते. पुढच्या हंगामासाठी मी वर्षाची नव्हे, फक्त ऑक्टोबरची वर्गणी भरणार आहे.