आधी दंडाचा घेर मोजा : घरगुती रक्तदाबमापकाचा आठ महिन्यांचा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी नेहमीच्या तपासणीत आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या टेबलावर माझा रक्तदाब १५८/९८ भरला. त्यांनी लगेच गोळी लिहून दिली नाही. दवाखान्यात शिरताच ज्यांचा दाब वाढतो अशी माणसे कमी नसतात, आणि याच्या उलट, दवाखान्यात व्यवस्थित पण घरी वाढलेला असाही प्रकार असतो, असे सांगून त्यांनी आठवडाभर घरी मोजून वही घेऊन येण्यास सांगितले. त्याच संध्याकाळी मी दंडाला पट्टा गुंडाळून मोजायचे एक डिजिटल यंत्र सुमारे अडीच हजार रुपयांना विकत घेतले. कंपनीचे आणि दुकानाचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण जी तक्रार पुढे येणार आहे ती कोणत्याही यंत्राच्या बाबतीत उद्भवू शकते.

यंत्र चार पेन्सिल सेलवर चालते, दोन माणसांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवते, शेवटच्या तीन नोंदींची सरासरी दाखवते आणि नाडी अनियमित लागल्यास पडद्यावर खूण उमटवते. आकडे मोठे असल्यामुळे चष्म्याशिवाय वाचता येतात. हवा भरतानाचा आवाज मात्र पहाटेच्या वेळी शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाला जागे करण्याइतका आहे. माहितीपत्रक बारीक अक्षरात असून त्यात मराठी नाही, आणि सर्वांत महत्त्वाची ओळ, म्हणजे सोबतचा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी आहे ही, आतल्या पानावर एका तक्त्यात दडलेली आहे.

दुकानदाराला मी पट्ट्याबद्दल विचारले होते. त्यावर "एकच साइज येते, सगळ्यांना चालते" असे उत्तर मिळाले. माझ्या दंडाचा घेर साडेचौतीस सेंटिमीटर आहे, हे मला नंतर शिंप्याच्या टेपने मोजल्यावर कळले. तोपर्यंत नऊ दिवस मी वहीत १५० च्या आसपासचे आकडे लिहीत होतो आणि प्रत्येक आकड्यागणिक थोडा अधिक घाबरत होतो. वही पाहण्याआधी डॉक्टरांनी यंत्र मागवून घेतले, माझ्या दंडावर पट्टा बांधला आणि तो जेमतेम चिकटतो आहे हे पाहून म्हणाले, "अहो, हा तुम्हाला लहान होतोय." लहान पट्ट्याने दाब प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मोठ्या पट्ट्याची गरज असलेल्या लोकांना मध्यम पट्टा बांधल्यावर वरचा आकडा सरासरी सुमारे ५ मिलिमीटरने (रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात), आणि त्याहूनही मोठा लागणाऱ्यांच्या बाबतीत जवळजवळ २० ने फुगल्याचे आढळले होते. मी त्याच कंपनीचा २२ ते ४२ सेंटिमीटरचा पट्टा आणखी नऊशे रुपये देऊन आणला आणि एकाच संध्याकाळी दोन्ही आलटून पालटून बांधले. लहान पट्ट्याने १५१/९३ आणि १४८/९२, तर मोठ्याने १४३/८८ आणि १४४/८७. एवढा फरक औषधाची मात्रा ठरवताना किरकोळ म्हणता येत नाही.

यंत्र मुळात काय करते हे समजून घेतल्यावर पट्ट्याचे महत्त्व अधिक पटते. डॉक्टर स्टेथोस्कोपने जे ऐकतात ते १९०५ साली कोरोटकॉफ या रशियन शल्यचिकित्सकाने वर्णन केलेले धमनीचे ध्वनी असतात. घरगुती यंत्र काहीच ऐकत नाही. धमनीच्या ठोक्यांमुळे पट्ट्यातील हवेत उमटणारी सूक्ष्म कंपने ते टिपते, ती जिथे सर्वांत ठळक असतात त्यावरून सरासरी दाब धरते, आणि आपण ज्याला वरचा व खालचा आकडा म्हणतो ते दोन्ही कंपनीने बसवलेल्या सूत्रावरून काढते. सूत्र प्रत्येक कंपनीचे निराळे असल्यामुळे ते माणसांवर पारखून पाहिलेले आहे की नाही हे विचारायला हवे. अशा पारखलेल्या यंत्रांची यादी स्ट्राइड बीपी या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने केलेली आहे. माझे मॉडेल त्यात आहे, पण हे मी विकत घेतल्यानंतर तपासले, हा माझा गलथानपणा. मनगटावरची यंत्रे स्वस्त आणि सुटसुटीत असली तरी मनगट हृदयाच्या पातळीला नेमके धरले नाही तर आकडा भरकटतो, म्हणून त्या वाटेला मी गेलो नाही.

ही पातळीची गोष्ट दंडालाही लागू आहे. पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली राहिला तर केवळ रक्ताच्या स्तंभाच्या वजनाने आकडा ७ ते ८ मिलिमीटरने वाढतो. सुरुवातीला मी दिवाणावर बसून हात टीपॉयवर ठेवत असे, आणि टीपॉय बुटका असल्यामुळे हात खाली जाई. आता जेवणाच्या टेबलाशी, पाठ खुर्चीला टेकवून, दोन्ही तळपाय जमिनीवर ठेवून बसतो. त्याआधी अर्धा तास चहा नाही, लघवीला जाऊन यायचे, पाच मिनिटे गप्प बसायचे, मग एका मिनिटाच्या अंतराने दोन नोंदी घ्यायच्या. सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री पुन्हा. सात दिवसांपैकी पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी डॉक्टर पाहतात. यातला सर्वांत अवघड भाग गप्प बसण्याचा आहे, कारण पट्ट्यात हवा भरत असतानाच स्वयंपाकघरातून ही "किती आला?" असे विचारते, आणि उत्तर दिले की आकडा वाढतो.

योग्य पट्ट्याने माझी सरासरी १४४/८८ आली. दवाखान्यात १४०/९० ही उच्च रक्तदाबाची रेषा धरतात, तर घरच्या मोजणीसाठी ती १३५/८५ असते. म्हणजे दवाखान्याच्या धास्तीचा वाटा वजा केल्यावरही मला रक्तदाब होताच. अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम ही रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि त्याबरोबर मिठाचा हिशेब.

मिठासाठी आम्ही एक साधी युक्ती केली. एक किलोच्या पिशवीवर ती फोडल्याची तारीख लिहिली. चार माणसांच्या घरात ती चोवीस दिवसांत संपली, म्हणजे माणशी रोज दहा ग्रॅमहून थोडे अधिक, आणि यात बाहेरून येणारे फरसाण, पापड, वेफर्स धरलेलेच नाहीत. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी सांगते. त्या हिशेबाने आमची पिशवी पन्नास दिवस पुरायला हवी. ताटात डाव्या बाजूला वाढले जाणारे मीठ बंद केले, कणकेतले निम्मे केले, ताकात जिरेपूड वाढवली. लोणचे मला सुटले नाही, फोड मात्र लहान झाली. सध्याची पिशवी एकोणचाळीस दिवस चालली आहे. सोडियम कमी असलेले मीठ आणण्याचा विचार होता, परंतु त्यात सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियम असते आणि आईला मूत्रपिंडाची तक्रार असल्यामुळे डॉक्टरांनी आमच्या घरापुरते ते नको म्हटले. रोज चाळीस मिनिटे चालणे आणि चार किलो वजन उतरणे यांचाही वाटा असणार. यंत्र तो वेगळा काढून दाखवत नाही.

यंत्र घरात असण्याचा एक धोकाही मी अनुभवला. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी ११८/७४ आल्यावर मी परस्पर गोळी थांबवली. दुसऱ्या दिवशीही आकडा चांगलाच होता, त्यामुळे माझा आत्मविश्वास वाढला. पाचव्या दिवशी १४१/८९ झाला. हे औषध शरीरातून हळूहळू उतरते, म्हणून चूक लगेच दिसत नाही, हे डॉक्टरांनी नंतर समजावले. सध्या माझी सरासरी १२७/८० आहे आणि ती गोळी चालू असतानाची आहे. दिवसातून आठ-दहा वेळा मोजण्याची सवयही याच काळात लागली होती. डॉक्टरांनी ती मोडून, दाब स्थिरावल्यावर महिन्यातून एक आठवडा मोजणे पुरेसे असल्याचे सांगितले.

आईच्या बाबतीत यंत्र तितके भरवशाचे नाही. तिची नाडी अनियमित असल्यामुळे लागोपाठच्या दोन नोंदींत वीस-वीसचा फरक पडतो आणि पडद्यावर ती खूण हटकून येते. तिच्यासाठी तीन नोंदी घेऊन सरासरी काढतो आणि दवाखान्यात डॉक्टर स्वतः स्टेथोस्कोप लावून मोजतात. सेल उतरू लागले की मोजणी अर्ध्यात थांबून चूक दाखवली जाते, हा दोष सर्वांनाच जाणवेल. अ‍ॅडॉप्टर वेगळा विकत घ्यावा लागतो.

एवढे सगळे धरून मी या यंत्राला पाचपैकी चार गुण देईन. कापला तो एक गुण पट्ट्याची माहिती खोक्यावर ठळक न छापल्याबद्दल आहे. दुकानात जाताना टेप घेऊन जा, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध घेर मोजा, आणि तो बत्तिसाच्या वर असेल तर मोठ्या पट्ट्यासकटची किंमत विचारा. आमच्या दुकानदाराने लहान पट्टा परत घेण्यास नकार दिला. तो आता हिच्या सत्तावीस सेंटिमीटरच्या दंडाला नेमका बसतो, आणि तिचा दाब पहिल्याच आठवड्यात १३८/८६ निघाल्यामुळे वहीत दुसरा रकाना आखावा लागला आहे.